भेटायला जाताना

सेल्युलर जेलच्या तिसऱ्या मजल्यावर, सावरकरांच्या कोठडीच्या दारात, सकाळी दहाच्या सुमाराला मराठी माणसांची रांग लागते. मी गेलो तेव्हा माझ्यापुढे सत्तरीच्या एक आजी होत्या. गुडघ्याला पट्टा, एका हातात नातीचा हात, जिने चढून लागलेला दम. कोठडीच्या उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तशी पाटीही नव्हती. आत जाऊन त्यांनी तसबिरीला नमस्कार केला आणि मग भिंतीवरून हात फिरवला, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा. बाहेर आल्यावर नातीला एवढंच म्हणाल्या, "एवढीशी गं खोली!" त्यांच्या मागून आलेल्या तिघांनी गज धरून फोटो काढून घेतले. चौथा त्यांना हसायला सांगत होता.

ही सगळी माणसं एकाच बसमधून आली होती, एकाच हॉटेलात नाश्ता करून. त्यांतलं कोण चांगलं आणि कोण वाईट हे ठरवण्यासाठी मी हे पुस्तक लिहिलेलं नाही. गज धरून फोटो मीही काढून घेतला आहे, वीस वर्षांपूर्वी. माझ्या मनातला प्रश्न वेगळा आहे. जिथे माणसांचे हाल झाले, जिथे माणसं मारली गेली, अशा जागी आपण तिकीट काढून, पाण्याची बाटली घेऊन जातो तेव्हा नेमकं कशासाठी जातो? आणि तिथे आपल्याला काय दिसावं हे कोण ठरवतं?

अभ्यासकांच्या भाषेत या प्रकाराला 'डार्क टुरिझम' म्हणतात. ग्लासगोचे जॉन लेनन आणि माल्कम फोली यांनी १९९६ मध्ये हा शब्द रूढ केला, २००० मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून त्यावर ढीगभर लिखाण झालं. मराठीत मी 'काळं पर्यटन'पासून सुरुवात करून बरेच शब्द घडवून पाहिले, एकही जिभेवर बसला नाही. नाव नवं असलं तरी रीत आपल्याकडे जुनीच आहे, म्हणून असेल. कितीतरी गावांत देवळाच्या अंगणात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला साधा गावकरीही त्यात असतो. त्याचं नाव आज गावात कुणाला ठाऊक नसतं, तरी सणावाराला कुणीतरी शेंदूर लावतं, नारळ फोडतं. त्या दगडापुढे क्षणभर थांबणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणणं मला जमणार नाही.

शिवाय पानिपत आहेच. एका रणभूमीचं नाव आपण बोलण्यात इतकं मुरवून घेतलं आहे, की क्रिकेटचा सामना हरलो तरी 'पानिपत झालं' म्हणतो. प्रत्यक्ष त्या रणभूमीवर, काला अंबला, गेलेला मराठी माणूस मात्र पहिल्यांदा गोंधळतो. तिथे विटांचा एक स्तंभ आहे, राखलेली बाग आहे आणि भोवती हरियाणाची सपाट शेतं. डोंगर नाही, बुरूज नाही, तटबंदी नाही. आपल्याला इतिहास चढून जायची सवय, आणि इथे चढायला काहीच नाही. त्या सपाटीवर उभं राहून चहूकडे पाहिलं तेव्हा मला कळलं, की १४ जानेवारी १७६१ ला फळी फुटल्यावर पळणाऱ्यांना आड घ्यायला एक टेकाडही नव्हतं. कादंबऱ्या, बखरी, नकाशे सगळं वाचून गेलो होतो. ही एवढी गोष्ट कळायला तिथे जावं लागलं. अशा जागांना जाण्याचं समर्थन मला विचाराल तर ते एवढंच आहे. काही गोष्टी पायांना आधी कळतात.

आता या पुस्तकाचं सूत्र सांगतो.

कुणी गेलं की आपण त्या घरी भेटायला जातो. या भेटीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण लहानपणीच अंगवळणी पडतात. भडक कपडे घालायचे नाहीत. आत शिरताना आवाज खाली आणायचा. आल्या आल्या 'कसं झालं?' म्हणून खोदून विचारायचं नाही. घरातलं माणूस आपणहून सांगू लागतं, येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत पहिल्यापासून. सकाळी उठले, चहा घेतला, पेपर मागितला, आणि मग. आपण ऐकायचं. मध्येच आपल्या मावसभावाच्या हार्ट अटॅकची गोष्ट काढायची नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. युद्धस्मारकं, तुरुंग, छळछावण्या पाहणाऱ्यांसाठी जगभरच्या संस्थांनी सूचना काढल्या आहेत. त्या वाचताना मला दर वेळी वाटतं, की हे सगळं आपल्या आजीला येत होतं. सेल्युलर जेलमधल्या त्या आजींनी चपला काढल्या त्या काही देव समजून नव्हे. त्या एका घरी भेटायला आल्या होत्या.

पण भेटीला दुसरीही बाजू असते, घरच्यांची. दुखवट्याच्या घराने दाराला तोरण बांधलं तर येणाऱ्याने कसं वागायचं?

हा प्रश्न मला अमृतसरला पडला. जालियनवाला बागेत जाण्याचा तो बोळ. १३ एप्रिल १९१९ ला, बैसाखीच्या दिवशी, जनरल डायरने पन्नास बंदूकधारी शिपाई याच वाटेने आत आणले. बोळ इतका अरुंद, की बरोबरच्या दोन चिलखती गाड्या त्यातून जाईनात म्हणून बाहेरच ठेवाव्या लागल्या. आत सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी हिशेबात ३७९ माणसं मेली, काँग्रेसच्या चौकशी समितीने आकडा हजाराच्या घरात धरला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोळाच्या दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती होत्या. लोक एकामागे एक चालायचे. बोळ संपून एकदम मोकळं मैदान समोर आलं, की गोळी झाडणाऱ्याला काय दिसलं असेल ते त्या जागेवरून दिसायचं. सांगावं लागायचं नाही. बोलत आलेली माणसंही तिथे गप्प व्हायची. हे मी पाहिलेलं आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नूतनीकरणानंतर बाग पुन्हा खुली झाली. आता बोळाच्या दोन्ही भिंतींवर शिल्पं आहेत. मेळ्याला निघालेले पुरुष, बायका, खांद्यावरची मुलं, काही चेहऱ्यांवर हसू. जमीन नवी आहे. ज्या विहिरीत माणसांनी उड्या टाकल्या तिच्याभोवती काच आहे. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी मेलेल्यांना चेहरे मिळावेत हा शिल्पं करणाऱ्यांचा हेतू मला समजतो, आणि तो वाईट नाही. पण दुसऱ्या भेटीत मी पाऊण तास त्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि येणाऱ्यांना पाहत राहिलो. जवळजवळ प्रत्येक कुटुंब तिथे थांबत होतं. मुलांना शिल्पांच्या शेजारी उभं करत होतं, फोटो काढत होतं आणि हसतच मैदानात शिरत होतं. त्यांचा काय दोष? भिंतीवरची माणसं हसत असली, तर समोरचं माणूसही हसतं. बोळ हा त्या दिवसाचा साक्षीदार होता. आपण त्याच्या तोंडात दुसरेच शब्द घातले. मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा पांढऱ्या चौकटी आखून राखलेल्या आहेत. माणूस तिथे पोचतो तेव्हा मात्र आजही बोट लावून पाहतो आणि शांत होतो. त्या भिंतीला कुणी सजवलेलं नाही.

आपल्या सहल कंपन्यांनाही इथे एक सांगावंसं वाटतं. सकाळी सुवर्णमंदिर, लंगर, मग अर्धा तास बाग, आणि तीनला गाडी वाघा सीमेकडे, तिथला जल्लोष पाहायला. असा कार्यक्रम आखला की बाग ही दोन गर्दींमधली विश्रांती होते. बाग सकाळी पहिल्यांदा दाखवा. बाकी काही करू नका.

अमृतसरमध्ये माणसांच्या आकृती आल्या, हिरोशिमात त्या गेल्या. तिथल्या शांतता स्मृती संग्रहालयात वर्षानुवर्षं पुतळे होते. जळालेल्या कातड्याची लक्तरं लोंबणारी, हात पुढे करून आगीतून चालणारी माणसं. पाहणारे हादरून जात. २०१७ मध्ये संग्रहालयाने ते पुतळे काढले. ते राहावेत म्हणून शहरातल्या लोकांनी सह्याही गोळा केल्या होत्या, कारण त्या पुतळ्यांपुढे घाबरून रडलेली मुलं आता मोठी झाली होती आणि ती भीती विसरली जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. संग्रहालयाचं म्हणणं असं, की आम्ही खऱ्या वस्तू दाखवू. २०१९ मध्ये मुख्य इमारत नव्या मांडणीनिशी उघडली.

त्यातली एक वस्तू इथे जवळून पाहू. एक तीनचाकी सायकल. गंजून तांबूस-काळी झालेली, आसन वाकडं, चाकं मात्र गोल. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला, अणुबॉम्ब पडला तेव्हा, चार वर्षांचाही न झालेला एक मुलगा घरासमोर ती चालवत होता. त्याच रात्री तो गेला. एवढ्याशा पोराला दूरच्या स्मशानात एकट्याला कसं ठेवायचं, म्हणून बापाने त्याला घराच्या अंगणातच पुरलं आणि खेळायला सोबत म्हणून सायकल त्याच्याशेजारी ठेवली. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच बापाने ती जागा उकरली. मुलाच्या अस्थी रीतसर कबरीत ठेवल्या आणि सायकल संग्रहालयाला दिली.

त्या काचेसमोर मी किती वेळ उभा होतो, आठवत नाही. शेजारी शाळेची एक सहल होती. मुलं वहीत काहीतरी उतरवून घेत होती आणि त्यांच्या बाई त्यांना काहीही सांगत नव्हत्या. पुतळा पाहून माणूस डोळे मिटतो. सायकल पाहून मिटत नाही, कारण तशी सायकल आपल्याही जिन्याखाली आहे. मी संग्रहालयाच्या बाजूचा आहे. पण सह्या करणाऱ्यांचं म्हणणं मला खोटं ठरवता येत नाही. सायकलीवरून दुःख कळतं, भाजलेल्या अंगाची वेदना कळत नाही.

हिरोशिमातच, उद्यानातल्या स्मारकशिळेवर मृतांना उद्देशून एक ओळ कोरलेली आहे. तिच्यात चूक पुन्हा न होण्याचं वचन आहे, पण चूक कुणाची हे त्यात म्हटलेलं नाही. जपानीत कर्ता गाळून वाक्य पुरं होतं, आपल्याकडेही होतं. टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल १९५२ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी याच गाळलेल्या कर्त्यावर बोट ठेवलं. बॉम्ब टाकणारे जपानी नव्हेत, मग वचन कोण देतंय, हा त्यांचा सवाल होता. शहराचं म्हणणं असं, की ही चूक सबंध मानवजातीची आहे. स्मारकावरची ओळ वाचताना तिच्यात कोण नाही तेही पाहायला मी तिथे शिकलो.

नाझींच्या आउशवित्झ छावणीबद्दल मी पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण लिहिलं आहे, म्हणून इथे थोडक्यात. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. पोलंडने १९४७ मध्ये तिचं संग्रहालय केलं. २०१९ या एका वर्षात तिथे २३ लाखांहून जास्त लोक आले, म्हणजे मारले गेलेल्यांच्या दुप्पट. त्याच वर्षी संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली, की छावणीत आणणाऱ्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो काढू नका. कापलेल्या केसांचा जिथे ढीग आहे त्या खोलीत कॅमेऱ्याला बंदी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी नाही, आणि हे मला शहाणपणाचं वाटतं. रुळावर चालणारी ती मुलगी बहुधा दुष्ट नसते. तिला कुणी आधी काही सांगितलेलं नसतं. भेटायला नेताना आपण लहान पोराला गाडीतच सांगतो ना, की तिथे गेल्यावर टीव्ही लाव म्हणायचं नाही? तेवढंच.

कधी कधी आपलंच घर ते घर असतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत रशियाने हद्दपार करून सायबेरियाकडे नेलेली, तिथून वाचून आलेली ही माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. त्या छावणीत वाढलेली मुलं ऐंशी-नव्वदीची होऊन २०१९ मध्ये कोल्हापूरला आली, तेव्हा ती आपल्या बालपणाला आणि आपल्या माणसांना भेटायला आली होती. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानातही असे पाहुणे येतात. सारख्या उंचीच्या दगडांच्या रांगांतून हातातला कागद पाहत एक नाव शोधतात. त्याच्या बाहेरून रोज जाणारे आपण किती जण आत गेलो आहोत?

आणि आपली माणसं दुसऱ्यांच्या अंगणात पडली आहेत, त्यांचं काय? रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, शत्रूची मशीनगन एकट्याने बंद पाडून मारले गेले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारलं, एक सूर्यघडी. दर वर्षी हजारो मराठी माणसं रोम, फ्लॉरेन्स, पिसा करून येतात, आणि हे गाव त्यांच्या वाटेपासून फार दूर नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण जपान्यांना अडवून राहिली. ते नाव मी सैनिकी घराण्यांबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कोहिमाच्या युद्धस्मशानात, जिथे टेनिसच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन सैन्यं एकमेकांवर हातबॉम्ब फेकत होती, तिथे त्या मैदानाच्या रेषा अजून आखून ठेवल्या आहेत. पुरलेल्यांच्या दगडांबरोबर अग्नी दिलेल्या नऊशेहून जास्त हिंदू आणि शीख सैनिकांची नावंही तिथे आहेत. आडनावं वाचत जा.

२०२५ च्या जानेवारीत, सेनादिनाचं संचलन पुण्यात झालं त्या सुमाराला, सरकारने 'भारत रणभूमी दर्शन' हा उपक्रम सुरू केला. सत्तरहून जास्त रणभूमी आणि सीमेवरच्या जागा त्यात आहेत. मला त्याचं स्वागत करावंसं वाटतं, आणि काळजीही वाटते. द्रासच्या स्मारकात एक जवान मागच्या तोलोलिंगकडे हात करून १९९९ ची कारगिलची लढाई सांगतो. शब्द पाठ असतात, पण तो त्याच सैन्याच्या घरातला असतो. त्याचं सांगणं हे घरच्या माणसाचं सांगणं आहे, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. उद्या गर्दी वाढली, त्याच्या जागी ध्वनिफीत आली आणि शेजारी झिपलाइन लागली, तर त्या डोंगराचं काय होईल ते अमृतसरच्या बोळाने सांगून ठेवलं आहे.

शेवटी पुन्हा पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. सेल्युलर जेल मध्यावरच्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात पाख्यांचा होता. एका पाख्याची तोंडं दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कुणी कुणाला दिसू नये. आज त्यातले तीनच उभे आहेत. पाटीवर कोरलेल्या राजबंद्यांच्या नावांत बंगाली नावंच नावं आहेत, पंजाबी आहेत. आपण सावरकरांच्या कोठडीपुढे रांग लावतो, ती लावावीच. पण उतरताना ती नावं मी मोठ्याने वाचली तेव्हा माझ्या गटातले दोघे-तिघे थांबले, आणि मग एका बाईंनी पुढची नावं वाचायला घेतली.

त्याच भिंतींच्या आत दुसरं एक पर्व झालं, त्याचा पत्ता आपल्या सहलींना नसतो. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी अंदमान घेतलं. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला तिथे झेंडा फडकवला, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच वेळी याच तुरुंगात हेरगिरीच्या संशयावरून बेटावरच्याच माणसांचे हाल चालले होते. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले प्रमुख, डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग, त्या छळात १४ जानेवारी १९४४ ला मेले. आणि झेंड्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ३० जानेवारी १९४४ ला, ४४ जणांना हम्फ्रेगंजला नेऊन गोळ्या घातल्या.

हम्फ्रेगंजला स्मारक आहे. वंडूरकडे जाणाऱ्या वाटेवर, शहरापासून गाडीने तासाच्या आत. मी गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. सहलीच्या कार्यक्रमात ते नाव नसतं, म्हणून गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.